वेस्टमिन्स्टर स्टेशन : बिग बेनशेजारी ३९ मीटर खड्डा

तळमजला (धागाकर्ता)

लंडनला जाऊन आलेल्या कुणाच्याही फोटोंत बिग बेन हमखास असतो. त्याच्यासमोरच्या जिन्याने खाली उतरल्यावर जे स्टेशन लागतं, त्याचे फोटो मात्र फक्त आर्किटेक्चरवाले आणि रेल्वेवेडे काढतात. मागे एका धाग्यावर कुणीतरी त्याला ‘अर्धवट सोडलेलं गोदाम’ म्हटलं होतं. तेव्हा वाद घातला नाही, पण ते डोक्यात राहिलं, म्हणून हा स्वतंत्र धागा.

माझं म्हणणं असं की या स्टेशनात हौसेने केलेलं फार थोडं आहे. बहुतेक सगळं नाइलाजाने तसं झालंय. तो नाइलाज प्लास्टर मारून झाकला नाही, हा आर्किटेक्टचा निर्णय. तोच मला आवडतो.

सुरुवात जुन्या स्टेशनापासून. जगातली पहिली भुयारी रेल्वे, मेट्रोपॉलिटन, १० जानेवारी १८६३ला पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन धावली. तिच्यामागून निघालेल्या डिस्ट्रिक्ट कंपनीने २४ डिसेंबर १८६८ला साउथ केन्सिंग्टनपासून इथवर रूळ आणले. तेव्हा स्टेशनचं नाव ‘वेस्टमिन्स्टर ब्रिज’. पद्धत कट अँड कव्हर, म्हणजे रस्ता उकरायचा, दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती उभ्या करायच्या, वर कमान किंवा तुळया टाकायच्या, माती लोटायची आणि रस्ता परत चालू करायचा. त्यामुळे रूळ जमिनीखाली जेमतेम काही मीटर. त्यात वाफेची इंजिनं. त्या फलाटावर श्वास कसा घेत असतील देव जाणे.

सुरुवातीला गाडी इथेच संपायची. ३० मे १८७०ला ती ब्लॅकफ्रायर्सपर्यंत गेली, आणि गेली कुठून, तर थेम्सचा काठ भरून नव्याने केलेल्या व्हिक्टोरिया एम्बँकमेंटच्या पोटातून. जोसेफ बॅझलजेटने त्या एकाच भरावात शहराचं मोठं गटार, वर रस्ता आणि सोबत रेल्वे असं सगळं बसवलं. (बॅझलजेटवर खरं तर वेगळा धागा निघायला हवा.) १९०५मध्ये वीज आली, १९०७मध्ये नावातला ‘ब्रिज’ गेला, १९२०च्या दशकात चार्ल्स होल्डनने प्रवेशद्वारं आणि फलाटाच्या टाइल्स बदलल्या. मग बराच काळ विशेष काही नाही.

ज्युबिली लाइन १९७९मध्ये सुरू झाली तेव्हा ती चेरिंग क्रॉसला संपत होती. १९९३च्या डिसेंबरात तिला ग्रीन पार्कपासून वळवून थेट पूर्वेला स्ट्रॅटफर्डपर्यंत न्यायचं काम सुरू झालं. कॅनरी वॉर्फला उंच कार्यालयं उभी राहिली होती आणि तिथे पोचायला धड रेल्वे नव्हती. ग्रीन पार्क आणि वॉटर्लू यांच्या मधे वेस्टमिन्स्टर आलं.

आता जागा बघा. दक्षिणेला रस्ता ओलांडला की बिग बेनचा ९६ मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा. पूर्वेला नदी. वरच्या थरातून डिस्ट्रिक्ट आणि सर्कल लाइनच्या गाड्या, ज्या बंद ठेवायची सोय नाही. आणि या सगळ्याच्या डोक्यावर खासदारांच्या कार्यालयांची नवी इमारत, पोर्टकलिस हाउस, यायची होती. स्टेशन आणि इमारत दोन्हींचं डिझाइन मायकेल हॉपकिन्स यांच्याकडेच होतं, हे त्यातल्या त्यात बरं.

आडवं पसरायला जागाच नाही, म्हणून उभं खणलं. मीटरभर जाडीच्या काँक्रीटच्या डायाफ्राम भिंती आधी जमिनीत ओतल्या, मग त्यांच्या आतली माती काढत काढत ३९ मीटर खाली गेले. मध्य लंडनमध्ये तोवर एवढा खोल खड्डा कुणी केला नव्हता. बाहेरच्या मातीच्या दाबाने भिंती आत येऊ नयेत म्हणून त्यांच्यामध्ये आडवे आधार दिले. तळाजवळचे काही आधार तर खड्डा तिथवर पोचण्याआधीच, हाताने छोटे बोगदे खणून बसवले. सरकत्या जिन्यावर उभं राहून वर पाहिलं की डोक्यावरून या भिंतीकडून त्या भिंतीकडे जाणारे जाडजूड दांडे दिसतात, तेच हे आधार. जिने त्यांच्यामधून वाट काढत उतरतात. जिन्यांची ती उलटसुलट गुंतागुंत नाट्यमय वाटते खरी, पण दांडे जिथे नव्हते तिथूनच जिने जाऊ शकत होते.

ज्युबिलीचे दोन फलाटही नेहमीसारखे शेजारी-शेजारी नाहीत. एकाखाली एक आहेत, साधारण २५ आणि ३२ मीटर खोलीवर. शेजारी ठेवले असते तर एक बोगदा मनोऱ्याच्या आणखी जवळ सरकला असता.

आणि माझा सगळ्यात आवडता भाग. वरच्या इमारतीला जागा मिळावी म्हणून डिस्ट्रिक्टचे जुने रूळ ३०० मिलिमीटर खाली घ्यावे लागले. गाड्या बंद न करता! रात्री शेवटची गाडी गेल्यापासून पहाटेची पहिली येईपर्यंत जो वेळ मिळतो तेवढ्यात, थोडे थोडे करून. सकाळी ऑफिसला जाणाऱ्याला पत्ताही नाही की आपलं स्टेशन कालच्यापेक्षा किंचित खाली गेलंय.

२० नोव्हेंबर १९९९पासून ज्युबिलीच्या गाड्या इथून न थांबता जायला लागल्या आणि २२ डिसेंबरला स्टेशन उघडलं. नव्या सहस्रकाचा मिलेनियम डोममधला सोहळा ३१ डिसेंबरला, आणि पाहुण्यांना तिथे नेणारी लाइन हीच, म्हणजे अगदी काठावर.

गोदामवाल्यांनी आता बोलावं.

----

कोकणकडा

वाचतोय. पण मनोऱ्याचं काय झालं ते सोडून दिलंत की! ‘पुभाप्र’ (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत) म्हणायला लावू नका, इथेच लिहा.

----

चिखल्या

मनोऱ्याचं मी लिहितो, माती हाच माझा धंदा आहे.

लंडनखालची चिकणमाती म्हणजे बोगदेवाल्यांची लाडकी. घट्ट, पाणी जवळजवळ जाऊ न देणारी, खणल्यावर थोडा वेळ आपल्या जिवावर उभी राहणारी. पण बोगदा कितीही काळजीने खणला तरी भोवतालची माती थोडी आत सरकतेच आणि तेवढी जमीन वर खचते. ज्युबिलीचे हेच बोगदे जवळच्या सेंट जेम्स पार्कखालून जातात. तिथे इंपीरियल कॉलेजच्या लोकांनी मोजमापाची उपकरणं पुरून ठेवली होती. खणलेल्या आकारमानाच्या २ टक्क्यांच्या आसपास घट येईल असा अंदाज होता, एका बोगद्यावर ती ३ टक्क्यांच्या वर निघाली. बागेत गवत चार बोटं खचलं तर कुणाचं काही जात नाही. इथे मात्र १८५९चा मनोरा होता. त्याखाली तीन मीटर जाडीचा काँक्रीटचा चौकोनी पाया, बस्स. जमिनीत खोल उतरवलेले खांब, म्हणजे पाइल, वगैरे काही नाही. आणि खोदकामाची कड त्याच्यापासून तीसेक मीटरवर.

उपायाचं नाव कॉम्पेन्सेशन ग्राउटिंग. शेजारी एक शाफ्ट, म्हणजे उभी विहीर, खणायचा आणि त्यातून मनोऱ्याच्या पायाखाली पंख्यासारख्या पसरणाऱ्या आडव्या पोलादी नळ्या घालायच्या. इथल्या नळ्या ५० मीटरपर्यंत लांब होत्या. नळीला ठरावीक अंतरावर भोकं आणि प्रत्येक भोकावर बाहेरून घट्ट रबरी बाही. नळीच्या आत दोन बाजूंनी फुगणारा पॅकर सरकवायचा, हवं ते एकच भोक त्याच्यामध्ये पकडायचं आणि दाबाने सिमेंटची रबडी, म्हणजेच ग्राउट, सोडायची. दाबाने बाही उचलली जाते, ग्राउट मातीत शिरतं, दाब काढला की बाही पुन्हा बसते. नंतर नळी आतून धुऊन घ्यायची, म्हणजे तेच भोक पुढच्या खेपेला वापरता येतं. खाली माती जितकी सैल झाली तितकी वरून भरून काढायची, असा हिशेब.

१९९६ आणि १९९७मध्ये हे वीसहून अधिक वेळा केलं. घड्याळाच्या उंचीवर मनोऱ्याचं कलणं ३५ मिलिमीटरच्या आत ठेवायचं ठरलं होतं आणि तसं ठेवलं. काहीच केलं नसतं तर हा आकडा १०० मिमीच्या पुढे गेला असता.

सल्लागार होते इंपीरियलचे प्राध्यापक जॉन बर्लंड. त्याच वर्षांत ते पिसाचा मनोरा वाचवणाऱ्या समितीवरही होते. तिथे उंच बाजूखालची माती काढून मनोरा थोडा सरळ केला, इथे खचणाऱ्या बाजूखाली ग्राउट भरून तो कलू दिला नाही.

मापनातली एक गंमत. असा मनोरा उन्हाने रोज थोडा हलतो, ऋतूप्रमाणेही हलतो. त्यामुळे आज दिसलेले दोन-तीन मिलिमीटर बोगद्याचे की उन्हाचे, हे ओळखण्यासाठी खोदकाम सुरू व्हायच्या बऱ्याच आधीपासून नोंदी लागतात. बर्लंड यांच्या गाठीशी तर १९७०च्या दशकातलाही अनुभव होता. तेव्हा संसदेच्या आवारात भूमिगत वाहनतळ खणलं होतं, याच मनोऱ्याच्या पायथ्याशी.

----

मृण्मयी_के

दंडवत घ्या दोघांनी. चिखल्या, एक शंका. तो मनोरा कललाय अशी बातमी मध्ये आली होती ना? मग ती या स्टेशनामुळेच का?

----

चिखल्या

थोडासा वाटा स्टेशनचा, सगळा नाही. मनोरा उत्तर-पश्चिमेकडे सुमारे पाव अंश कलला आहे. जुनी जमीन, जुनं बांधकाम, आजूबाजूची दीडशे वर्षांची खोदकामं, सगळ्यांचा मिळून तो कल आहे. चिकणमातीचं आणखी एक आहे. बोगदा पुरा झाला म्हणजे ती गप्प बसली असं होत नाही. तिच्यातल्या पाण्याचा दाब जुळून यायला वर्षं लागतात, तोवर बारीक हालचाल चालू राहते. म्हणून १९९७नंतर ग्राउटिंग थांबलं तरी मोजणं थांबवलं नाही. वेग कमी होत गेला. काळजीचं कारण नाही.

----

जुनाजाणता

‘गोदाम’ म्हणणारा मीच. लेख माहितीपूर्ण आहे, मत बदललेलं नाही.

अडचणी कुठल्या स्टेशनाला नसतात? मॉस्कोचं मायाकोव्स्काया घ्या. ११ सप्टेंबर १९३८ला उघडलं, खोली ३३ मीटर, म्हणजे तुमच्या खालच्या फलाटाएवढंच. अलेक्सी दुश्किनने तिथे स्टेनलेस स्टीलच्या कडा असलेले खांब उभे केले आणि छतातल्या घुमटांत अलेक्सांद्र देइनेकाची मोझेक चित्रं बसवली, ३४ चित्रं, सोव्हिएत आकाशाचा एक दिवस. माणूस मान वर करून चालतो. युद्धात तिथे लोकांनी आसरा घेतला, नोव्हेंबर १९४१मध्ये स्टालिनने तिथेच क्रांतिदिनाचं भाषण केलं. साठ वर्षांनंतर, इतक्या श्रीमंत शहरात, प्रवाशाला काय दाखवायचं? काँक्रीटच्या ओतकामाचे सांधे?

‘नाइलाज झाकला नाही’ ही आर्किटेक्ट लोकांची नेहमीची पळवाट आहे. घरातली पाइपलाइन उघडी ठेवून कुणी त्याला प्रामाणिकपणा म्हणत नाही.

----

तळमजला

मायाकोव्स्काया मलाही प्रिय. पण तुम्ही माझ्याच बाजूचं उदाहरण दिलंत. तोवर एवढ्या खोल स्टेशनात दोन फलाटांच्या मधे भल्यामोठ्या जाड भिंती ठेवून त्यांतून कमानी काढत. दुश्किनच्या स्टेशनात त्या भिंती गेल्या, पोलादाच्या सांगाड्यावर बारीक खांब आले, म्हणून तो मोकळा दालनासारखा आकार मिळाला. स्टेनलेस स्टील त्या खांबांवर आहे, म्हणजे जिथे भार आहे तिथेच. मोझेक काढून टाकली तरी ते स्टेशन उत्तमच राहील.

वेस्टमिन्स्टरलाही उघडं काँक्रीट म्हणजे अंगावरचे कपडे काढले असा प्रकार नाही. ओतकाम किती काळजीने केलंय ते जवळून पाहा. प्लास्टर नसलं की चूक लपवता येत नाही, त्यामुळे असं काम उलट महाग पडतं.

----

बिलबुक

महाग म्हणालात म्हणून आलो. संपूर्ण विस्ताराचा अंदाज होता २.१ अब्ज पौंड, झाले सुमारे ३.५ अब्ज. त्यातलं किती ‘नाइलाजाचं’ आणि किती हौसेचं? त्या मार्गावर प्रत्येक स्टेशनला वेगळा आर्किटेक्ट दिला होता. कॅनरी वॉर्फला नॉर्मन फॉस्टर, साउथवर्कला मॅकॉर्मॅक, नॉर्थ ग्रिनिचला विल ऑलसॉप. एकच साचा वापरला असता तर पैसे वाचले नसते का? वरचं पोर्टकलिस हाउस तर २३५ दशलक्ष पौंडांचं, त्यावर तेव्हा पेपरांतून काय धुलाई झाली होती!

----

तळमजला

वेगवेगळे आर्किटेक्ट निवडणारे रोलंड पाओलेट्टी. ते हाँगकाँगच्या मेट्रोतून आलेले, तिथे साच्यातली स्टेशनं भराभर बांधण्याचा अनुभव होता. तरी त्यांनी लंडनला उलट केलं, कारण इथे प्रत्येक जागेचं दुखणं वेगळं होतं. कॅनरी वॉर्फ एका जुन्या गोदीत पाणी हटवून बांधलं, तिथे हवी तेवढी रुंदी. वेस्टमिन्स्टरला रुंदी नाहीच. दोघांना एकच साचा कसा चालणार?

खर्च वाढायची मोठी कारणं आर्किटेक्चरबाहेरची. ऑक्टोबर १९९४मध्ये हीथ्रो विमानतळाखाली नव्या रेल्वेचे बोगदे कोसळले. जीवितहानी झाली नाही, पण ते ज्या एनएटीएम पद्धतीने (थोडं खणायचं, लगेच काँक्रीट फवारायचं) खणले जात होते तीच ज्युबिलीच्या वॉटर्लू आणि लंडन ब्रिजला वापरात होती. तिथली कामं चौकशी होईपर्यंत थांबवली. दुसरं, सिग्नल. गाड्यांमधलं अंतर धावता धावता ठरवणारी नवी यंत्रणा बसवायची होती, ती वेळेत जमेना, शेवटी नेहमीची बसवली. आणि तिसरं, ३१ डिसेंबर १९९९ ही हलवता न येणारी तारीख. कंत्राटदाराला तुमची तारीख हलणार नाही हे कळलं की बिल कसं वाढतं ते तुम्हाला मी काय सांगणार, तुमचा आयडीच बिलबुक.

----

बिलबुक

:)) हलकेच घेतलं. पटलं, अर्धं.

----

सुलभा_दि

सौंदर्याचं तुम्ही मिटवा. मी काही वर्षं तिथे राहिले, लेक बाबागाडीत होती तेव्हा. लंडनच्या जुन्या स्टेशनांवर गाडी उचलून जिने चढायची वेळ कितीदा आली. ज्युबिलीच्या नव्या भागात मात्र प्रत्येक स्टेशनला रस्त्यापासून गाडीपर्यंत लिफ्ट. वेस्टमिन्स्टरला तर डिस्ट्रिक्टवरून ज्युबिलीवर लिफ्टने जाता येतं. व्हीलचेअरवाले, म्हातारी माणसं, बॅगावाले, सगळे त्या लिफ्टपाशी. ते ‘केवढं ते काँक्रीट’ मला तेव्हा फक्त रुंद वाटायचं. गर्दीतही कुणाच्या अंगावर न जाता वळता येतं.

फलाटावरची काचेची दारंही लंडनच्या भुयारी रेल्वेत पहिल्यांदा याच भागात आली ना? लहान मूल हात सोडवून पळतं तेव्हा त्या दारांची किंमत कळते.

----

रूळकरी

हो, तिथेच पहिल्यांदा. ती छतापर्यंत बंद नाहीत, वर फट आहे. पडण्यापासून संरक्षण हा एक फायदा, दुसरा म्हणजे गाडी बोगद्यातून ढकलत आणते ती हवा फलाटावर तशी अंगावर येत नाही.

रुंदीमागे एक दुःखद कारणही आहे. १८ नोव्हेंबर १९८७ला किंग्ज क्रॉसला लाकडी सरकत्या जिन्याखाली साठलेल्या ग्रीस-कचऱ्यात पेटती काडी पडली. ज्वाळा जिन्याच्या उतारालाच चिकटून वर सरकल्या आणि तिकीट हॉल काही क्षणांत पेटला. ३१ माणसं गेली. त्या चौकशीनंतर लंडनमध्ये जे काही खणलं, त्यात बाहेर पडायला एकाहून जास्त वाटा, धूर काढायची सोय आणि न पेटणारं साहित्य हे आधी, बाकी सगळं नंतर. उघडं काँक्रीट आणि पोलाद पेटत नाही हेही ‘गोदाम’ म्हणताना लक्षात असू द्या.

आणखी एक दूरदृष्टी. गाड्या सुरुवातीला सहा डब्यांच्या होत्या, पण फलाट आणि दारं सात डब्यांच्या हिशेबाने ठेवली होती. २००५च्या अखेरीस लाइन काही दिवस बंद ठेवून प्रत्येक गाडीला सातवा डबा जोडला. स्टेशन खणायला लागलं नाही. ३२ मीटर खाली नंतर फलाट लांबवायचा म्हणजे काय प्रकरण होईल ते चिखल्यांना विचारा.

----

चिखल्या

विचारू नका.

पण कुणी हे सगळं सहज घेऊ नये म्हणून एक लिहितो. ३ मार्च २००९ला कोलोनमध्ये भुयारी रेल्वेच्या अशाच एका खड्ड्याशेजारी शहराचं ऐतिहासिक दफ्तर असलेली इमारत कोसळली. दोघे गेले, शतकानुशतकांची कागदपत्रं ढिगाऱ्यात आणि पाण्यात. कारण डायाफ्राम भिंतीतला दोष, तिथून पाणी आणि वाळू आत आली आणि इमारतीखालची जमीन निघून गेली. तीच मीटरभर जाडीची भिंत, एका जागी नीट ओतली गेली नाही एवढंच. कोलोनला वाळू आणि पाणी होतं, लंडनला चिकणमाती, हा फरक मोठा आहे. तरी वेस्टमिन्स्टरच्या भिंती पाहताना माझी नजर आधी सांध्यांकडे जाते, सवयच तशी.

----

कोकणकडा

अवांतर: खासदारांना वर चढूनसुद्धा जावं लागत नाही म्हणे?

----

तळमजला

पोर्टकलिस हाउसमध्ये शिरायला पासधारकांसाठी स्टेशनातूनच वाट आहे, आणि तिथून रस्त्याखालून संसदेत जायलाही वेगळा बोगदा. मतदानाची घंटा झाली की आठ मिनिटांत संसदेतल्या मतदानाच्या लॉबीत पोचायचं असतं, त्यामुळे रस्ता ओलांडायला सिग्नलला थांबणं परवडत नाही. आपल्यासाठी सार्वजनिक भुयार आहे, ते नदीच्या बाजूला बाहेर पडतं.

----

जुनाजाणता

सुलभाताईंच्या लिफ्टपुढे आणि रूळकरींच्या किंग्ज क्रॉसपुढे माझं काही म्हणणं नाही. आधार मान्य, रुंदी मान्य, एकाखाली एक फलाटही मान्य. पण त्यातून करडा रंग कसा सिद्ध होतो ते अजून कुणी सांगितलेलं नाही. कॅनरी वॉर्फला काँक्रीटच आहे, पण तिथे काचेच्या छताखालून दिवसाचा उजेड थेट आत उतरतो आणि तेच काँक्रीट छान दिसतं. इथे दुपारी बारालाही रात्र.

----

तळमजला

कॅनरी वॉर्फच्या डोक्यावर बाग आहे, इथे खासदार. उजेड कुठून आणायचा?

----

जुनाजाणता

खासदार बागेत बसवायचे होते.